सुरी हिसकावण्याचे डाव आणि रस्त्यावरचा कोयता

आपण पिंपरीहून विचारले आहे की, आपली २० वर्षांची मुलगी आणि १७ वर्षांचा मुलगा घराजवळच्या एका वर्गात स्वसंरक्षणाचे शिबिर करत असून, तेथे त्यांना सुरी हिसकावून घेण्याचे आठ डाव शिकवले गेले आहेत. कोयत्याच्या हल्ल्यांची चित्रणे मोबाइलवर पाहून आपल्याला धास्ती वाटते. हे डाव प्रसंगी उपयोगी पडतील का, नसल्यास मुलांनी नेमके काय शिकावे आणि मुलीने पर्समध्ये लहान चाकू ठेवावा का, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी गेली २२ वर्षे पुण्यात हा विषय शिकवत आहे आणि त्यातली पहिली सहा वर्षे मीही हेच आठ डाव शिकवत होतो, म्हणून जे लिहितो त्यात थोडी स्वतःची कबुलीही आहे.

हे डाव ज्या पद्धतीने शिकवले जातात त्या पद्धतीने ते रस्त्यावर चालत नाहीत. मात्र म्हणून शिकणेच व्यर्थ आहे, असा अर्थ कृपया काढू नये. शस्त्र बाहेर निघण्यापूर्वीचा काळ आणि शस्त्र अंगावर आल्यानंतरचे पहिले चार-पाच सेकंद, या दोन गोष्टींवर प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ खर्च व्हायला हवा. हिसकावणे ही त्यातली शेवटची आणि सर्वांत कमी भरवशाची पायरी आहे. बहुतेक शिबिरांत मात्र सुरुवातच तिथून होते, कारण ती दिसायला छान दिसते आणि पालकांसमोर प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात.

माझा भ्रम एका संध्याकाळी फिटला. पेठेतल्या एका तालमीत घुमणारा मुलगा माझ्याकडे शिकायला आला होता. मी त्याच्या हातात रबरी सुरी दिली, तिच्या कडेला ओले कुंकू लावले, स्वतः पांढरा बनियन घातला आणि त्याला म्हणालो की, तुला जसा सुचेल तसा हल्ला कर. त्याला कोणीही 'एक पाऊल पुढे टाकून हात सरळ ताठ ठेवायचा' हे शिकवलेले नव्हते. त्याने डाव्या हाताने माझी मान पकडून कुस्तीत ओढतात तशी खाली ओढली आणि उजवा हात शिलाई मशीनच्या सुईसारखा पोटाशी चालवला. माझे दोन्ही हात त्याच्या मनगटाच्या शोधात होते आणि मनगट दर वेळी मागे गेलेले असायचे. थांबल्यावर बनियनवर नऊ खुणा होत्या. त्यांपैकी निम्म्या केव्हा लागल्या, हे मला कळलेही नव्हते. त्या मुलाला फार वाईट वाटले आणि तो म्हणाला, "सर, मी चुकीचं केलं का?" चूक त्याची नव्हतीच.

प्रात्यक्षिकात जे गाळले जाते ते नेमके हेच आहे. हल्ला करणाऱ्याचा दुसरा हात रिकामा नसतो. तो गळपट्टी धरतो, केस धरतो, ढकलतो किंवा डोळ्यांसमोर येतो. शस्त्राचा हात जितक्या वेगाने येतो तितक्याच वेगाने परत जातो आणि पुन्हा येतो, त्यामुळे तो हवेत थांबून आपल्याला पकडू देईल ही अपेक्षाच चुकीची ठरते. शिवाय सुरी बहुधा आधी दिसत नाही. सुरीच्या हल्ल्यातून वाचलेली अनेक माणसे सांगतात की, आपल्याला बुक्की बसली असेच त्यांना वाटले होते आणि शर्ट ओला लागला तेव्हा खरा प्रकार लक्षात आला.

आपल्याकडे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पोवाड्यांतून घरोघर पोहोचलेले आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या भेटीचे जे वर्णन बखरींतून येते, त्यात कट्यारीच्या वारापूर्वी आलिंगनाच्या निमित्ताने मान काखेत आवळली गेली आहे. म्हणजे एका हाताने जखडायचे आणि दुसऱ्याने वार करायचा, हा प्रकार साडेतीनशे वर्षांपूर्वीही तोच होता. तो वार निष्फळ झाला तो अंगरख्याखाली चिलखत होते म्हणून, आणि चिलखत होते कारण दगा होईल हे आधी गृहीत धरले होते. मुलांना हा प्रसंग वाघनखांसाठी सांगितला जातो. मी तो चिलखतासाठी सांगतो.

आता कोयत्याविषयी, कारण आपली खरी भीती तीच आहे. वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' असा शब्द रूढ झाला असला, तरी अशी एकच टोळी नाही. ठिकठिकाणची, पुष्कळदा अल्पवयीन, पोरे दहशत बसवण्यासाठी, उभ्या गाड्यांच्या काचा फोडण्यासाठी किंवा जुन्या भांडणाचा वचपा काढण्यासाठी हे हत्यार वापरतात आणि बातमीदार त्या सर्वांना एकाच नावाखाली घालतात. कोयताच का, याचे कारण साधे आहे: तो स्वस्त आहे, शेतीचे अवजार म्हणून बाजारात सहज मिळतो आणि पाहताक्षणी धडकी भरवतो. ज्या अवजारावर मराठवाड्यातली लाखो ऊसतोड माणसे पोट भरतात, इतकी की मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, त्याचे नाव शहरात अशा रीतीने बदनाम व्हावे याचा मला नेहमी विषाद वाटतो.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, कोयता आणि सुरी ही दोन पूर्णपणे वेगळी संकटे आहेत आणि त्यांना एकच उत्तर शिकवणारा शिक्षक दोन्हींविषयी विचार न केलेला आहे. सुरी भोसकते, तिला जागा लागत नाही, ती मिठीच्या अंतरावर सर्वांत धोकादायक असते आणि गर्दीत शेजारच्यालाही दिसत नाही. कोयत्याला हात फिरवायला जागा लागते. त्याचा जोर पात्याच्या पुढच्या भागात असतो, वार बहुधा वरून तिरपा डोक्यावर, खांद्यावर किंवा आड घातलेल्या हातावर येतो आणि पाते वाकडे असल्यामुळे मागे ओढतानाही ते कापते. पण एक वार हुकला की जड हात अंगाच्या पलीकडे जातो आणि परत वर यायला क्षणभर वेळ लागतो. सुरीत हा क्षण जवळपास मिळतच नाही.

त्यामुळे कोयत्यासमोर पहिले उत्तर अंतर हेच आहे, आणि अंतर म्हणजे केवळ पळणे नव्हे, तर मध्ये काहीतरी आणणे. पुण्याच्या कुठल्याही रस्त्यावर दुचाक्यांची रांग असते. तिच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला तो असला, तर कोयत्याची लांबी निरुपयोगी होते. हातगाडी, दुकानासमोरची फळी, चारचाकीचे बॉनेट, काहीही चालते. हे माझ्या वर्गात आम्ही सभागृहात न करता खाली वाहनतळात करतो. एकाच्या हातात पुठ्ठ्याचा कोयता देतो आणि दुसऱ्याने २० सेकंद फक्त वाहनांभोवती फिरत राहून अंगाला लागू द्यायचे नाही, एवढाच नियम ठेवतो. मुले हसत सुरुवात करतात आणि दहाव्या सेकंदाला धापा टाकू लागतात. हेल्मेट हातात असेल तर ते उत्तम ढाल आहे: आत हात घालून ते समोर रेटायचे, फिरवून मारायचे नाही. (पुण्यात हेल्मेट डोक्यावर घालण्यावरून जितका वाद झाला आहे तितका ढाल म्हणून धरण्यावरून होऊ नये, अशी आशा आहे.) पाठीवरची सॅक पुढे घेतली तर तीही पोट आणि छाती झाकते.

वाट बंदच असेल, मागे भिंत असेल, तर मधल्या अंतरावर थिजून उभे राहणे सर्वांत घातक असते. तेव्हा एक तर पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत, म्हणजे वार उलटून गेलेल्या क्षणी त्याच्या खांद्याला चिकटून हात अडकवणे, एवढेच पर्याय उरतात. आत जाणे हा शेवटचा पर्याय आहे आणि तो सुरक्षित आहे असे मी कोणालाही सांगत नाही.

सुरीच्या बाबतीत अंगाला भिडलेला हल्ला थोपवताना मी एकच गोष्ट शेकडो वेळा करून घेतो. दोन्ही हातांनी शस्त्राचा एकच हात धरायचा. एका हाताने मनगटाच्या वर आणि दुसऱ्याने कोपराच्या मागून. तो हात स्वतःच्या छातीशी किंवा त्याच्याच पोटाशी दाबून ठेवायचा आणि डोके त्याच्या खांद्याला लावून त्याला भिंतीकडे किंवा जमिनीकडे ढकलत राहायचे. नुसते मनगट घामाने आणि रक्ताने निसटते, पण कोपर धरला की हाताला मागे जायची जागा उरत नाही. तालमीत ज्याने माती अंगाला लावली आहे त्याला हे पंधरा दिवसांत येते, इतरांना तीन-चार महिने लागतात. आणि हात आडवे घालावेच लागले तर मनगटाची आतली बाजू स्वतःकडे ठेवावी, कारण रक्तवाहिन्या आणि बोटे हलवणाऱ्या दोरीसारख्या कंडरा तिथे आहेत. बाहेरच्या बाजूला निदान हाड आहे. हात कापला जाईलच, असे धरून चालावे. प्रश्न एवढाच असतो की तो कुठे कापला जातो.

अंतराविषयी एक आकडा आपण कदाचित ऐकला असेल. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली मांडले की, सुरी घेतलेला साधारण माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर, अंतर दीड सेकंदात पार करतो, आणि तेवढ्याच वेळात प्रशिक्षित पोलीस जेमतेम पिस्तूल काढून झाडू शकतो. पुढे या निरीक्षणाचा लोकांनी 'नियम' करून टाकला, जणू २२व्या फुटावर माणूस सुरक्षित होतो. त्यातून आपण घेण्यासारखे इतकेच की, गप्पांच्या अंतरावर, म्हणजे दोन-तीन हातांवर, उभा असलेला माणूस सुरी काढतो तेव्हा आपल्याला प्रतिक्रियेसाठी अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून जे करायचे ते त्याने ती काढण्यापूर्वी करावे लागते.

'सावध राहा' हा सल्ला निरर्थक आहे, कारण कशाविषयी सावध राहायचे ते त्यात सांगितलेले नसते. मी मुलांना चेहरे नव्हे, तर हात बघायला शिकवतो. बोलता बोलता एक हात मांडीमागे किंवा खिशात स्थिर राहणे, कमरेला किंवा पाठीला शर्टावरून पुन्हा पुन्हा चाचपणे, उकाड्यात जर्किन घालून हात आत ठेवणे, उत्तर ऐकायची पर्वा नसलेला प्रश्न विचारणे ("भाऊ, टाइम काय झाला?") आणि त्याच वेळी मागेपुढे नजर टाकून घेणे, दोघांपैकी एकाने समोर बोलत राहणे आणि दुसऱ्याने बाजूने मागे सरकणे, या गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी असतात, दोन-तीन एकत्र आल्या की मात्र पाय हलवावेत. तळहात समोर करून "दादा, तिथूनच बोला" असे मोठ्याने म्हणत तिरपे बाजूला सरकायचे, सरळ मागे नाही, कारण मागे चालणारा माणूस पडतो. आपण चुकलो आणि तो खरोखरच वेळ विचारत होता असे निघाले, तर फार तर थोडा ओशाळेपणा पदरी पडतो.

त्यानंतर प्रश्न येतो तो समोरच्याला काय हवे आहे याचा, कारण उत्तर त्यावर ठरते. लूटमार करणारा सुरी दाखवतो. त्याला वस्तू घेऊन निघून जायचे असते. तिथे मोबाइल, पाकीट, चेन देऊन टाकावी. हातात नेऊन न देता त्याच्या आणि आपल्या मध्ये बाजूला टाकून उलट दिशेला निघावे. शिर सलामत तर पगडी पचास. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून बंद करता येतो, सिमकार्डही नवे मिळते. आपल्या १७ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट मुलीपेक्षा अधिक वेळा सांगावी लागेल, कारण त्या वयात मोबाइलपेक्षा मित्रांसमोरचा अपमान मोठा वाटतो. याला अपवाद एकच: वस्तू घेऊनही तो "गाडीवर बस" किंवा "त्या बोळात चल" म्हणाला, तर जायचे नाही. तिथे ओरडणे, पळणे, झटणे, जे जमेल ते करावे, कारण तो जिथे नेऊ पाहतो तिथे आपल्याला मदत करायला कोणी नसणार.

दहशत बसवायला आलेल्या टोळक्याचे गणित वेगळे असते. त्यांना प्रेक्षक हवे असतात. अशा वेळी खाली उतरून गाडीची काच वाचवायला जाऊ नये, चित्रण करण्यासाठी गॅलरीत वाकून उभे राहू नये, दार लावून ११२ क्रमांक फिरवावा.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे आणि शिबिरांत त्याविषयी जवळपास काहीच बोलले जात नाही. मुलींवर आणि स्त्रियांवर झालेल्या शस्त्रांच्या ज्या हल्ल्यांनी पुणे हादरले, त्यांत हल्लेखोर अनोळखी नव्हता. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तो ओळखीच्या तरुणाने, नकाराच्या रागातून. जानेवारी २०२५ मध्ये येरवड्यात एका कंपनीच्या वाहनतळावर तरुणीचा जीव गेला, तो सहकाऱ्याच्या हातून, पैशांच्या वादातून. अशा हल्ल्यांची पूर्वसूचना अंधाऱ्या बोळात मिळत नाही. ती आठवडे-महिने आधी संदेशांतून, पाठलागातून, "माझी नाही तर कोणाचीच नाही" अशा वाक्यांतून मिळत असते. म्हणून मुलीच्या प्रशिक्षणात सुरीइतकाच वेळ यावर द्यावा: धमकीचे संदेश पुसून टाकू नयेत, पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे हे तिला माहीत असावे, आणि "शेवटचे एकदा भेट, मग त्रास देणार नाही" या विनवणीला एकटीने कधीही जाऊ नये. माझ्या अनुभवात मुली हे घरी सांगत नाहीत, कारण घरचे आधी कॉलेज बंद करतील अशी त्यांना भीती असते. आपण ती भीती आजच दूर केलीत, तर कोणत्याही डावापेक्षा ते मोठे संरक्षण ठरेल.

याच दोन घटनांतून बघ्यांचा प्रश्नही समोर येतो. सदाशिव पेठेत रस्त्यावरच्या तरुणांनी धाव घेतली, एकाने कोयत्याचा उगारलेला हात हवेतच धरला आणि त्या मुलीचा जीव वाचला. येरवड्यात मात्र लोक भोवती उभे राहिले आणि हल्लेखोराने शस्त्र टाकल्यावर पुढे झाले. मी त्या उभ्या राहिलेल्यांना भेकड म्हणणार नाही. काय करायचे हे कोणी कधी शिकवलेच नसेल तर शरीर थिजते. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण रोज वापरतो, पण जिवा होण्याचा सराव कोणी करून घेत नाही. आम्ही तो करतो: समोरून न जाता बाजूने किंवा मागून जाणे, एकट्याने न जाता "निळा शर्ट, तुम्ही चला माझ्याबरोबर" असे बोट दाखवून दुसऱ्याला ओढणे, लांबून वीट, खुर्ची, बादली जे हाताला लागेल ते फेकणे आणि सतत ओरडून हल्लेखोराचे लक्ष तोडणे. हात धरायचाच तर तो वर गेलेला असताना मागून, कोपरापाशी. अंगात बळ नसलेल्यानेही दुचाकीचा हॉर्न दाबून धरला, तरी त्याचा उपयोग होतो.

वर्ग निवडताना शिक्षकाचा पट्टा आणि पदके पाहू नयेत. एक तास बसून पाहावे. हल्ला करणाऱ्या विद्यार्थ्याला हात मागे घेण्याची, दुसरा हात वापरण्याची आणि न थांबण्याची मुभा आहे का? सरावात बचाव करणारे हरताना दिसतात का? दिसत नसतील, तर तो वर्ग नृत्याचा आहे. सराव हळूहळू कठीण होत गेला पाहिजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा पाहिजे, आणि सरावात खरे पाते कोणत्याही सबबीवर नको. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाविषयी मला नितांत आदर आहे. दांडपट्टा आणि लाठी फिरवणाऱ्याचे पाय आणि अंतराची जाण इतरांपेक्षा चांगली असतेच. फिलिपिनो काठी-सुरीच्या कला हाताला चपळ करतात. पण या विद्या दोन शस्त्रधाऱ्यांच्या सामन्यातून घडल्या आहेत, आणि रस्त्यावर आपल्या हातात भाजीची पिशवी असते. दर आठवड्याला एकदा कुस्ती किंवा जुदो, एकदा ५० मीटरच्या धावा, त्याही नेहमीच्या चपलांत, आणि महिन्यातून दोनदा वर सांगितलेला शस्त्राचा सराव, असे वर्षभर केले तर बारा तासांच्या शिबिरापेक्षा पुष्कळ अधिक हाती लागेल.

जखमेचा भाग प्रत्येक वर्गात असायला हवा, पण तो बहुतेक ठिकाणी नसतो. झटापट संपली की दोन्ही तळहात मान, काखा, पोट, पाठ, जांघा यांवरून फिरवून प्रत्येक वेळी तळव्याकडे पाहावे, कारण भोसकल्याची जखम बाहेरून अर्ध्या इंचाची दिसते आणि आत खोल असते. माणूस चालतो-बोलतो आहे म्हणजे तो ठीक आहे, असे समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये अभिनेते सैफ अली खान यांच्यावर घरात घुसलेल्या माणसाने सुरीने वार केले, तेव्हा ते रिक्षातून रुग्णालयात गेले. आणि तरीही मणक्याजवळ पात्याचा तुकडा अडकलेला होता. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, आणि मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड, ओढणी, गमछा, जे असेल ते खोलवर दाबून पूर्ण भार द्यावा आणि थांबले का म्हणून दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहू नये. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नव्हे, पट्टा बांधून त्यात काठी घालून पिळावा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. नुसती गाठ मारलेला रुमाल पुरत नाही. छातीत, पोटात किंवा मानेत असा पट्टा बांधता येत नाही. रुतलेले पाते कधीही उपसू नये. १०८ ची रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने न्यावे. 'पोलीस केस आहे' म्हणून कोणी दारातून परत पाठवू लागले, तर प्रथम उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले आहे, हे ठणकावून सांगावे.

राहिला पर्समधल्या चाकूचा प्रश्न. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची कारणे दोन. पहिले व्यवहाराचे: वर सांगितलेल्या अर्ध्या सेकंदात पर्सची चेन उघडून चाकू काढणे कोणालाही जमत नाही, आणि काढलाच तर न शिकलेल्या हातातून तो समोरच्याच्या हाती जाण्याची शक्यता मोठी असते. दुसरे कायद्याचे: शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा आहे, म्हणून त्याहून लहान चाकू चालतो असे अनेकांना वाटते, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात चाकूच काय, काठी बाळगणेही अडचणीचे ठरते.

कायदा आत्मरक्षणाच्या विरोधात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क स्पष्ट आहे, तो स्वतःबरोबर दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे, धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडण्यापर्यंतही तो जातो. मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची त्यात परवानगी नाही, आणि भीती संपली की हक्कही संपतो. कोयता खाली पडल्यावर, पोरगा पळू लागल्यावर किंवा चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरल्यावर मारलेला दगड आत्मरक्षणात बसत नाही. आपल्या मुलाला हा फरक नीट समजावून सांगावा.

मुलीने पर्समध्ये काही ठेवायचेच असेल, तर मोठा आवाज करणारी शिट्टी पर्सच्या पट्ट्याला बाहेरून अडकवावी आणि पेपर स्प्रे ठेवायचा असेल तर तो जर्किनच्या खिशात, हाताला लागेल असा ठेवावा. त्यावरची मुदतीची तारीख पाहावी, आणि एक जुनी बाटली गच्चीवर वाऱ्याच्या दिशेने व विरुद्ध दिशेने मारून पाहावी. वाऱ्याच्या दिशेने मारताना तिकडे शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना, एवढे मात्र आधी बघून घ्यावे.